ईस्टरची तारीख, राखेचा बुधवार आणि मोत माउलीचं मेण : कॅथलिक सण समजून घेताना

नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरलाच येतो, मग ईस्टरची तारीख का बदलते? हा प्रश्न आम्हा वसईकर कॅथलिकांना दर मार्चमध्ये कोणी ना कोणी विचारतंच. त्याचं उत्तर नीट समजलं की राखेचा बुधवार, गुड फ्रायडे, पेंटेकॉस्ट, इतकंच काय पण गोव्यातल्या म्हापशाचं फेस्त, म्हणजे तिथल्या देवळाचा सणसुद्धा आपापल्या जागी बसतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

येशूला क्रुसावर दिलं ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत. वल्हांडण चंद्रावर चालतो, निसान महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास येतो. तो मेलेल्यांतून उठला, म्हणजे पुनरुत्थान झालं, ते रविवारी पहाटे; ईस्टर हा त्याचाच सण. त्यामुळे सणाला पौर्णिमाही हवी आणि रविवारही हवा. ३२५ साली नायसियाच्या परिषदेत सगळ्यांनी हा सण एकाच रविवारी करावा असं ठरलं आणि पुढे गणिताची घडी बसत गेली. आजचा नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार हा ईस्टर. म्हणून तो २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही.

पंचांग पाहणाऱ्यांना हे चटकन कळेल. २०२६ साली हनुमान जयंती, म्हणजे चैत्री पौर्णिमा, गुरुवारी २ एप्रिलला आणि ईस्टर लगेच रविवारी ५ एप्रिलला. पण २०२५ साली हनुमान जयंती शनिवारी १२ एप्रिलला होती. मग ईस्टर दुसऱ्या दिवशी १३ ला यायला हवा होता, तो २० ला कसा गेला? कारण चर्च आकाशातला चंद्र पाहत नाही, तर स्वतःच्या ठरलेल्या कोष्टकातली पौर्णिमा धरतं. त्या कोष्टकात ती १३ एप्रिलला, नेमकी रविवारी पडली होती. नियम पौर्णिमेनंतरचा रविवार मागतो, म्हणून सण आठवडाभर पुढे सरकला.

ईस्टर ठरला की वर्षाचा मोठा भाग आपोआप ठरतो. ४६ दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार, चाळिसाव्या दिवशी प्रभूचं स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण म्हणजे पेंटेकॉस्ट. २०२६ साठी हिशेब करून पाहा : राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी, ईस्टर ५ एप्रिल, पेंटेकॉस्ट २४ मे.

वर्षाचा दुसरा भाग सूर्यावर चालतो आणि तो नाताळाला बांधलेला आहे. नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधी, २५ मार्चला, मरियेला देवदूताने निरोप दिल्याचा सण. नाताळानंतर चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला, बाळ येशूला मंदिरात नेल्याचा सण. त्या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. योहान बाप्तिस्मा करणारा येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा, म्हणून त्याचा जन्मदिवस २४ जूनला. कधी ही दोन चक्रं एकमेकांवर येतात. २०२४ साली २५ मार्च हा पवित्र आठवड्यातला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला, सोमवार होता. अशा वेळी पवित्र आठवड्याला मान मिळतो आणि दुसरा सण पुढे जातो. त्या वर्षी तो ८ एप्रिलला झाला.

चर्चचा विधी आणि लोकांची भक्ती

कॅथलिक देवळात आणि देवळाबाहेर जे चालतं ते पाहणाऱ्याला एकच वाटतं, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक म्हणजे चर्चचा अधिकृत विधी. यात मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, येते, बाप्तिस्म्यापासून विवाहापर्यंतची सात साक्रामेंतं, म्हणजे संस्कार, येतात आणि वर सांगितलेलं वर्षाचं चक्र येतं. त्याचे शब्द ठरलेले, क्रम ठरलेला, फादरच्या झग्याचा रंगसुद्धा ठरलेला : उपवासकाळात जांभळा, ईस्टर-नाताळाला पांढरा, हुतात्म्यांच्या सणाला लाल, एरवी हिरवा. फादरला आपल्या मनाने त्यात फेरफार करता येत नाही. एखाद्या रविवारी वसईत शुभवर्तमानाचा जो उतारा वाचला जातो, तोच त्या दिवशी मनिलात आणि वॉर्सातही वाचला जातो. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरत राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे लोकांची भक्ती. जपमाळ, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), क्रुसाची वाट, नवस, मिरवणूक, गावच्या क्रुसापुढची संध्याकाळची प्रार्थना. ही गावागणिक बदलते. हिच्यात भाजीवाली, मच्छीमार, शेतकरी यांनी आपापलं काही ना काही घातलेलं असतं. चर्च तिला आशीर्वाद देतं, तिच्याकडे लक्षही ठेवतं, पण कोणावर ती लादत नाही. कॅथलिक माणसाने रविवारी मिस्सेला जावं हे बंधन आहे. नोव्हेना करणं हे बंधन नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या सभेने, १९६३ साली उपासनेवरचा दस्तऐवज काढला तेव्हा हे नातं स्पष्ट केलं : भक्ती चांगलीच आहे, पण तिचा ओघ विधीकडे जायला हवा. मला हे पटतं. तरी कोणी भक्तीला अडाण्यांचा मार्ग म्हणालं की वाईट वाटतं. कारण ती इतकी का फोफावली यामागे एक ठोस कारण आहे, ते पुढे येईलच.

राख

राखेच्या बुधवारी कपाळावर लावायची राख कुठून येते? आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद देऊन घरोघर नेलेल्या झावळ्या जपून ठेवतात. वर्षभर त्या क्रुसामागे किंवा तसबिरीमागे खोचलेल्या असतात. बुधवारच्या आधी त्या परत आणून जाळतात आणि त्याच राखेने कपाळावर क्रूस काढतात. राजा म्हणून येशूचं स्वागत करताना हलवलेली झावळी वर्षभराने राख होऊन आपल्याच कपाळी येते. लावताना फादर दोनपैकी एक वाक्य म्हणतात : तू माती आहेस आणि मातीला मिळशील, हे लक्षात ठेव, किंवा, पश्चात्ताप कर आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव.

तिथून उपवासकाळ सुरू होतो. दिवस मोजले तर ४६ भरतात आणि म्हणतात मात्र चाळीस. कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. उपवासाचे कडक दिवस आज दोनच उरले आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण घ्यायचं, बाकी दोन वेळा थोडंसं खायचं, मांस नाही. हा नियम १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षाला लागेपर्यंतच्यांना आहे. चर्चने कमी केलं तरी अनेक घरांतल्या आज्या चाळीसही दिवस मटण-मासळी वर्ज्य करतात. हा विधी आणि भक्ती यांच्यातला फरक स्वयंपाकघरात दिसतो तो असा.

देवळातही फरक दिसतो. वेदीवर फुलं नाहीत, ‘आलेलुया’ हा जयघोष पूर्ण बंद. दर शुक्रवारी क्रुसाची वाट होते : भिंतीवरच्या चौदा चित्रांपुढे थांबत, गुडघे टेकत, येशूच्या शेवटच्या प्रवासातला एकेक प्रसंग. जुन्या गोव्याजवळच्या गोवा वेल्हा गावात उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन साधूंच्या परंपरेतून आलेली ही प्रथा आजही टिकून आहे आणि ती पाहायला दुरून लोक येतात.

तीन दिवसांचा एकच विधी

आज्ञा गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या, संध्याकाळपासून ईस्टरच्या रविवारपर्यंतचे तीन दिवस हा कॅथलिक वर्षाचा गाभा आहे. एक बारकावा पाहा. गुरुवारच्या मिस्सेच्या शेवटी नेहमीचा निरोपाचा आशीर्वाद नसतो. शुक्रवारच्या विधीला सुरुवातीचं अभिवादन नसतं. म्हणजे गुरुवारी सुरू झालेला विधी संपतच नाही, तो मध्ये थांबत थांबत शनिवारच्या रात्री पूर्ण होतो.

गुरुवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची मिस्सा. सुरुवातीला देवाच्या गौरवाचं गीत सुरू झालं की देवळातल्या सगळ्या घंटा वाजतात आणि मग थेट ईस्टरच्या जागरणापर्यंत गप्प होतात. मधल्या काळात गरज पडली तर अनेक ठिकाणी लाकडावर लाकूड आपटणारं साधन वाजवतात. तो कोरडा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला त्या दोन दिवसांचं वेगळेपण सांगावं लागत नाही. प्रवचनानंतर फादर झगा उतरवतात, कमरेला टॉवेल गुंडाळतात आणि बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले होते तसे. पूर्वी इथे फक्त पुरुष बसायचे. पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलल्यावर २०१६ पासून बायकाही बसू शकतात.

मिस्सा संपली की पवित्र साक्रामेंत, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर (ओस्ती), मुख्य वेदीवरून दुसरीकडे, सजवलेल्या जागी नेतात. मग वेदीवरचं सगळं उतरवतात : चादर, मेणबत्त्या, क्रूस. वेदी उघडी दगडाची दिसते. लोक मध्यरात्रीपर्यंत पाळीपाळीने साक्रामेंतापुढे बसून राहतात, कारण गेथसेमनेच्या बागेत येशूने शिष्यांना विचारलं होतं, तुम्हाला माझ्याबरोबर तासभरही जागं राहता आलं नाही का? मुंबईत त्या रात्री लोक जवळपासच्या सात देवळांना भेटी देतात. सातचा आकडा रोममधल्या सात देवळांच्या यात्रेवरून आला आहे. ती यात्रा सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी यांनी लोकप्रिय केली.

गुड फ्रायडेला जगात कुठेही मिस्सा होत नाही. त्या दिवशी जो होतो तो वेगळा विधी, साधारण दुपारी तीनच्या सुमारास. फादर शांतपणे येतात आणि उघड्या वेदीपुढे जमिनीवर पालथे पडतात. सगळं देऊळ गुडघ्यावर असतं. गाणं नाही, शब्द नाही. योहानच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन पूर्ण वाचतात. मग दहा मोठ्या प्रार्थना, क्रमाने : चर्चसाठी, पोपसाठी, बिशप-फादर आणि सगळ्या श्रद्धावंतांसाठी, बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी, ख्रिस्ती लोकांच्या एकीसाठी, ज्यू लोकांसाठी, ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी, देवालाच न मानणाऱ्यांसाठी, सत्तेवर असलेल्यांसाठी, दुःखात असलेल्यांसाठी. नंतर क्रूस पुढे आणतात आणि लोक रांगेने येऊन त्याला स्पर्श करतात, चुंबन घेतात. कम्युनियनला जी ओस्ती देतात ती आदल्या रात्रीच्या मिस्सेतली राखून ठेवलेली.

इथवर चर्चचा विधी झाला. त्यानंतर गोव्यात लोकांची भक्ती पुढे येते. येशूची मूर्ती क्रुसावरून खाली उतरवतात, शववाहिनीत ठेवतात आणि शोकगीतं गात मिरवणुकीने नेतात. माणसं काळे कपडे घालून येतात. रोमच्या ग्रंथात हे कुठेही लिहिलेलं नाही, पण गोव्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांसाठी गुड फ्रायडे म्हणजे हीच मिरवणूक.

शनिवारी दिवसभर काहीच नाही. देऊळ रिकामं. आणि अंधार पडल्यावर वर्षातला सगळ्यात मोठा विधी सुरू होतो.

देवळातले दिवे मालवलेले. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्याला आशीर्वाद देतात. एक मोठी मेणबत्ती आणतात, ती पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती. तिच्यावर फादर अणकुचीदार कोरणीने क्रूस कोरतात, वर ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर आल्फा, खाली शेवटचं ओमेगा, आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे. मग धुपाचे पाच खडे त्या क्रुसात टोचतात, येशूच्या पाच जखमांसाठी. चालू वर्षाचे आकडे कोरणं मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वीची घटना त्या रात्री याच वर्षाची होते.

मेणबत्ती नव्या अग्नीवर पेटवून अंधाऱ्या देवळात नेतात. तीनदा थांबून गातात : ख्रिस्ताचा प्रकाश! लोक उत्तर देतात : देवाला धन्यवाद! त्या एका ज्योतीवरून पहिल्या रांगेतली माणसं आपल्या लहान मेणबत्त्या पेटवतात, शेजाऱ्याला देतात आणि पाहता पाहता देऊळ उजळतं. मग एक दीर्घ, प्राचीन स्तोत्र गातात. त्यात पुन्हा पुन्हा येतं : हीच ती रात्र. इस्राएली लोक समुद्र पार करून गेले ती हीच रात्र, ख्रिस्त मृत्यूची बेडी तोडून उठला ती हीच रात्र. ‘ती होती’ असं तिथे म्हणत नाहीत. कॅथलिक विधी समजायचा तर हे सांगणं नीट लक्षात घ्यायला हवं. ही स्मृतिदिनाची सभा नव्हे आणि प्रसंगाचा देखावाही नव्हे. विधीत जे आठवलं जातं ते आज, इथे, आपल्यासमोर घडतं अशी श्रद्धा आहे. म्हणूनच पाय खरोखर धुतात, आग खरोखर पेटवतात, पाणी खरोखर अंगावर शिंपडतात. त्या स्तोत्रात मधमाश्यांचाही उल्लेख येतो, कारण मेणबत्तीचं मेण त्यांच्या कष्टाचं.

त्यानंतर जुन्या करारातली सात वाचनं ठेवलेली आहेत, सृष्टीच्या निर्मितीपासून पुढे. वेळेअभावी काही गाळता येतात, पण समुद्र दुभंगल्याचं वाचन कधीही गाळायचं नाही असा नियम आहे. ते झाल्यावर गौरवगीत सुरू होतं, दिवे लागतात आणि दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजू लागतात. चाळीस दिवसांनी ‘आलेलुया’ परततो. नव्या लोकांचा बाप्तिस्मा होतो, जुने आपल्या बाप्तिस्म्याचं वचन पुन्हा देतात.

गंमत अशी की एवढा रात्रीचा विधी कित्येक शतकं शनिवारी सकाळी उरकला जायचा. लख्ख उन्हात ‘हीच ती रात्र’ गायची आणि देवळातही तुरळक माणसं. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो प्रयोग म्हणून परत रात्री आणला आणि १९५६ पासून सगळीकडे लागू केला. आज आपण ज्याला प्राचीन परंपरा म्हणतो ती या रूपात आपल्या आजी-आजोबांच्या हयातीत परत मिळालेली आहे.

लॅटिनच्या काळात लोक काय करत?

आता भक्ती का फोफावली, त्याकडे येतो. १९६० च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होती. १५७० साली पोप पाचवे पायस यांनी ठरवून दिलेला साचा थोड्याफार बदलाने चारशे वर्षं चालला. फादर वेदीकडे तोंड करून उभे राहत, बरेचसे शब्द हळू आवाजात म्हणत. वसईतल्या आगाशीच्या किंवा पापडीच्या शेतकऱ्याला लॅटिन कुठून येणार? मग मिस्सा चालू असताना तो जपमाळ ओढत असे. जपमाळ त्याच्या भाषेत होती, क्रुसाची वाट त्याच्या भाषेत होती. देवाशी आपल्या बोलीत बोलायची जागा त्याला तिथे मिळाली.

जपमाळेची रचनाही याच गरजेतून आली. मठातले साधू बायबलातली दीडशे स्तोत्रं म्हणत. ज्याला वाचता येत नाही त्याने त्याऐवजी दीडशे वेळा ‘नमो मरिये’ म्हणावं. म्हणून येशूच्या आणि मरियेच्या जीवनातले पंधरा प्रसंग, प्रत्येकाला दहा मणी. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी आणखी पाच प्रसंग जोडले. आज घरोघरी एका बैठकीला पाच प्रसंग म्हणतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषांत आली. वसईत मराठीत, गोव्यात कोंकणीत. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. जुन्या लॅटिन मिस्सेची ओढ असलेले लोक आजही जगभर आहेत. त्या रूपाला २००७ साली मोकळीक मिळाली आणि २०२१ साली पुन्हा निर्बंध आले. तो वाद मोठा आहे, इथे त्यात शिरत नाही. पण ज्यांना जुन्या रूपातली शांतता, धूप, गायन आवडतं त्यांना मागासलेलं म्हणणं मला मान्य नाही. तसंच माझ्या आईला कळेल अशा भाषेत मिस्सा आली हे भलं झालं याबद्दलही मला शंका नाही.

संतांचे सण, नोव्हेना आणि नवस

संताचा सण बहुधा त्याच्या मृत्यूच्या दिवशी येतो. आपल्याकडे संतांच्या पुण्यतिथ्या जशा मोठ्या प्रमाणात होतात तसंच. मृत्यू हा त्याचा स्वर्गातला जन्म. फक्त तिघांचे जन्मदिवस साजरे होतात : येशूचा, मरियेचा आणि योहानाचा. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, म्हणून जुन्या गोव्याचं फेस्त ३ डिसेंबरला. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारलं. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत, याचा वसईकरांना अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॅथलिक लोक मरियेची किंवा संतांची पूजा करतात का? नाही. पूजा फक्त देवाची. मरियेला आणि संतांना मान देतात आणि त्यांना विनंती करतात की आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा. ‘नमो मरिये’चा शेवटच असा आहे : आम्हा पाप्यांसाठी विनंती कर.

सणाच्या आधी नऊ दिवस प्रार्थना करतात ती नोव्हेना. नऊच का? येशूच्या स्वर्गारोहणानंतर मरिया आणि शिष्य एका माडीवर प्रार्थना करत बसले आणि पेंटेकॉस्टला पवित्र आत्मा आला. मधले दिवस नऊ. म्हणून झेवियरची नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि २ डिसेंबरला संपते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमधली बुधवारची प्रसिद्ध नोव्हेना मात्र वेगळी आहे. ती १९४८ पासून दर बुधवारी अखंड चालू आहे आणि तिथे लागोपाठ नऊ बुधवार येण्याचा संकल्प लोक करतात. रांगेत हिंदू असतात, मुसलमान असतात, कोणी कोणाला विचारत नाही.

नवसाचं रूप पाहायचं तर बांद्र्याच्या टेकडीवर जावं. मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला. त्यानंतरच्या रविवारी माउंट मेरीची जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. आजची इमारत १९०४ ची, पण कोळ्यांची तिच्याशी ओढ त्याहून कितीतरी जुनी. मूर्ती समुद्रात कोळ्याला सापडली अशी कथा ते सांगतात आणि तिला मोत माउली म्हणतात. चढावर दुतर्फा मेणाच्या वस्तूंची दुकानं : मेणाचा हात, मेणाचा पाय, डोळे, तान्हं बाळ, घर, अगदी विमानसुद्धा. ज्याचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय घेतो, ज्याला डोक्यावर छप्पर हवं तो घर घेतो. पिवळसर मेणाचा तो हात तळहाताएवढा असतो, बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि उन्हात धरून चढ चढता चढता मऊ पडतो. एखादी बाई ते मेणाचं बाळ ओढणीत गुंडाळून नेताना दिसली की प्रार्थना काय आहे ते विचारावं लागत नाही. ही भक्ती चर्चच्या कोणत्याही पुस्तकातून आलेली नाही. नवस बोलणं, ज्याचं दुखणं त्याची प्रतिमा वाहणं, हे या मातीतलंच, आणि युरोपातल्या जुन्या देवळांतही हे सापडतं.

गोव्यात तर निसर्गाचं चक्र आणि चर्चचं चक्र एकमेकांत गुंतलेलं आहे. २४ जूनला सांव जांव, म्हणजे योहानाच्या जन्माचा सण. आई एलिझाबेथच्या पोटात योहानाने आनंदाने उडी मारली असं बायबल सांगतं, आणि त्या दिवशी भरल्या पावसात गोव्यातली पोरं डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. २९ जूनला संत पेत्रू आणि पावलूचा सण. पेत्रू स्वतः मच्छीमार. पावसामुळे मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या जोडून सांगोड बांधतात आणि पाण्यावर गाणी-नाटकुली करतात. ५ ऑगस्टला राय गावात नव्या भाताची पहिली कणसं कापून देवळात आशीर्वाद घेतात. हे देऊळ हिमाच्या सायबिणीचं, सायबीण म्हणजे मरिया. रोममध्ये ऐन ऑगस्टात बर्फ पडल्याच्या आख्यायिकेवरून आलेला हा सण गोव्यातल्या सासष्टीत येऊन कणसांचं फेस्त झाला.

आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण. तिचं फेस्त ईस्टरच्या तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी, म्हणजे ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी. लोककथेत ती शिरगावच्या लइराई देवीची बहीण, सात बहिणींतली एक. हिंदू भाविक सायबिणीला तेल वाहतात. शिरगावहून मोगऱ्याची फुलं येतात आणि इथून तेल जातं असं लोक सांगतात. लइराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे चैत्री पौर्णिमेनंतर साधारण वीस दिवसांनी. आता वरचा ईस्टरचा नियम आठवा. ज्या वर्षी ईस्टर चैत्री पौर्णिमेवरून ठरतो, त्या वर्षी दोन्ही बहिणींचे सण काही दिवसांच्या अंतराने येतात; दोघींचा हिशेब एकाच चंद्रावर आहे. ज्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा धरली जाते, २०२४ सारखी, त्या वर्षी मात्र त्यांच्यात महिनाभराचं अंतर पडतं.

पाहायला यायचं असेल तर

या. कॅथलिक नसलेल्यांना मिस्सेला येण्याची कुठेही बंदी नाही, आमंत्रणाचीही गरज नाही. शेजारचे उभे राहिले की उभं राहावं, ते गुडघ्यावर गेले तर शांत बसून राहिलं तरी चालतं. धूप, राख, झावळी, आशीर्वादित पाणी, मेणबत्ती, या गोष्टी कोणालाही घेता येतात. राखेच्या बुधवारी कपाळ पुढे केलं तर तुमचा धर्म कोणी विचारत नाही. फक्त कम्युनियनची ओस्ती कॅथलिकांसाठीच असते. ती नुसता प्रसाद म्हणून वाटत नाहीत, ते ख्रिस्ताचं शरीर आहे अशी श्रद्धा आहे. त्या वेळी जागेवर बसून राहावं, त्यात कसलाही अपमान नाही.

एकाच दिवशी यायला जमणार असेल तर ईस्टरच्या आदल्या रात्री या. वेळ आधी विचारून घ्या, कारण अंधार पडल्याशिवाय विधी सुरू होत नाही आणि संपायला दोन-अडीच तास तरी लागतात. सुरुवातीलाच पोचा, अंगणातली आग चुकवू नका. आणि एक लहान मेणबत्ती बरोबर ठेवा. पेटवून द्यायला शेजारी उभा असलेला माणूस असतोच.